शेजाऱ्याची विजेची मोटार

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं, हा मनुष्य या विषयावर बोलणारा कोण? शंका रास्त आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं, मोटारींचा व्यापारी नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मला मोटार चालवितांहि येत नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन वाई तालुक्यांतील निरनिराळ्या शाळांत मीं छत्तीस वर्षें मुलांना गणित व मराठी शिकविलें आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालों. परंतु २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, अमेरिकेंत माझ्या मुलाच्या घरीं असतांना, एका अनोळखी गृहस्थाची विजेवर चालणारी मोटार तीन दिवसांकरितां भाड्यानें घेऊन प्रवास करण्याचा योग आला. त्या तीन दिवसांत विजेच्या मोटारीविषयीं मला थोडें ज्ञान झालें, आणि स्वतःविषयीं त्याहून थोडें अधिक झालें. तें दोन्ही आपणांस सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

माझा मुलगा कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील फ्रीमाँट या गांवीं राहतो. त्याची पेट्रोलची गाडी जुनी झालेली. नवी घ्यावयाची तर विजेची घ्यावी, असें त्याच्या मनांत होतें. परंतु इतकी मोठी रक्कम गुंतविण्यापूर्वीं चार दिवस वापरून पाहावी, असा त्याचा विचार. मीं म्हटलें, "मग भाड्याच्या गाड्यांच्या दुकानांतून आण." तो म्हणाला, "दुकानांतली नव्हे, अण्णा. पलीकडच्या आळींत एक गृहस्थ राहतात, त्यांची स्वतःची घेऊं."

मला प्रथम वाटलें, ओळखीचे असतील. परंतु ओळख मुळींच नव्हती. तेथें अशी व्यवस्था आहे कीं, ज्याची गाडी कांहीं दिवस रिकामी उभी राहणार आहे, त्यानें तिचीं छायाचित्रें, भाड्याचा दर व आपल्या अटी दूरध्वनीच्या पडद्यावर प्रसिद्ध कराव्या; ज्याला गरज असेल त्यानें आपला चालक-परवाना दाखवून ती मागावी; आणि मध्यें असलेल्या कंपनीनें दोघांची कागदपत्रें तपासून, विम्याची तजवीज करून, भाड्यांतील आपला हिस्सा घ्यावा. गाडी कंपनीची नव्हे, गाडी गृहस्थाची. कंपनी म्हणजे केवळ मध्यस्थ.

यामागचें गणित चौथीच्या मुलालाहि समजेल. जो मनुष्य सकाळीं एक तास व सायंकाळीं एक तास गाडी चालवितो, त्याची गाडी चोवीस तासांपैकीं बावीस तास उभी असते. कर्जाचे हप्ते, विमा व कर हे मात्र चोवीसहि तास चालू असतात. उभ्या वस्तूनें थोडें मिळवून दिलें तर मालकाचा भार हलका होतो, आणि ज्याला वर्षांतून चारच दिवस गाडी लागते त्याला ती विकत घ्यावी लागत नाहीं.

श्रोतेहो, ही कल्पना आपल्याला अगदींच परकी आहे असें नाहीं. आपल्या शेतकऱ्यांत वारंगुळा म्हणून एक रीत असे. ज्याच्यापाशीं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशीं जोडी जमवी. चार दिवस याची नांगरट, चार दिवस त्याची. आणि शहरांत म्हणाल, तर तासावर मिळणारी भाड्याची सायकल आपणांपैकीं पुष्कळांनीं चालविलेली असेल. फरक इतकाच कीं, वारंगुळ्यांत दोघांच्या तीन पिढ्या एकमेकांना ठाऊक असत, आणि सायकलवाला आपल्या वडिलांना ओळखत असे. या नव्या व्यवहारांत ओळखीची जागा परवान्यानें, छायाचित्रांनीं, विम्यानें आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकांनीं लिहून ठेवलेल्या अभिप्रायांनीं घेतलेली आहे. ती जागा पुरती भरून निघते कीं नाहीं, हा प्रश्न आपण शेवटास पाहूं.

विजेची मोटार ही कालपरवांची गोष्ट आहे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. १८९७ सालींच न्यूयॉर्क व लंडन या दोन्ही शहरांत विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या रस्त्यावर आलेल्या होत्या. १८९९ सालीं कामी झेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्याच मोटारींत बसून ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली. परंतु पेट्रोल स्वस्त झालें, आणि १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा आरंभक आल्यावर दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास संपला. ज्या विजेनें पेट्रोलच्या गाडीचा मुख्य त्रास दूर केला, तिनेंच विजेच्या गाडीला मागें टाकिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सामाईक मोटारीची कल्पनाहि जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरांत १९४८ सालीं कांहीं लोकांनीं सहकारी तत्त्वावर मोटार वापरण्यास आरंभ केला. ॲम्स्टरडॅम शहरांत १९७४ सालीं लुड शिमेलपेनिंक यांनीं 'विटकार' नांवाच्या लहानशा पांढऱ्या, विजेवर चालणाऱ्या सामाईक गाड्या सुरू केल्या. ती योजना १९८६ पर्यंत चालली. पॅरिस शहराची 'ऑटोलिब' ही विजेच्या गाड्यांची मोठी योजना २०११ पासून २०१८ पर्यंत टिकली. या सर्व गाड्या मंडळाच्या किंवा कंपनीच्या होत्या. खासगी माणसानें खासगी माणसाला गाडी देण्याचा आजचा प्रकार मात्र अलीकडचा. बॉस्टनकडे २०१० सालीं निघालेली रिलेराइड्स नांवाची कंपनी २०१५ पासून टुरो या नांवानें ओळखली जाते. तिची एक प्रतिस्पर्धी गेटअराउंड. तिनें २०२५ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील काम बंद केलें. धंदा सोपा नाहीं, हें यावरून दिसेल. मुख्य अडचण विम्याची. स्वतःची गाडी भाड्यानें दिली तर विमा कंपनी तो धंदा मानून विमा रद्द करील, ही मालकांना भीति. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें २०१० सालीं कायदा करून ही भीति दूर केली, आणि भाड्याच्या काळांतील विम्याची जबाबदारी मध्यस्थ कंपनीवर टाकिली. चांगली कल्पना कायद्याच्या खांद्यावर बसल्याखेरीज नदी पार करीत नाहीं, हेंच खरें.

आतां आमच्या प्रवासाकडे वळतों.

शुक्रवारीं सकाळीं मी व मुलगा त्या गृहस्थांच्या घरीं चालत गेलों. ते फिलिपाइन्समधून आलेले, वयानें माझ्याच बरोबरीचे; मालमोटार चालविण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. गाडी शेवरोले कंपनीची बोल्ट, निळ्या रंगाची. त्यांनीं तिच्यावरून हात फिरवीत एकेक गोष्ट समजावून दिली. अंगणांतला बैल पहिल्यांदां दुसऱ्याच्या हातीं देतांना शेतकरी जसा बोलतो, तसा त्यांचा स्वर होता. भाडें दिवसाला ५० डॉलर, विम्याचे व कंपनीचे पैसे निराळे. अटी तीन. दिवसाला २०० मैलांहून अधिक पळवूं नये. आंत धूम्रपान करूं नये. आणि बॅटरींत आज शेंकडा ८० इतकी वीज आहे, तेवढीच भरून रविवारीं रात्रीं आठ वाजतां परत करावी.

निघण्यापूर्वीं गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावयाचीं असतात. तें काम मुलानें माझ्याकडे सोंपविलें. मीं पुढून, मागून व दोन्ही बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. चारहि चाकें जवळून घ्यावीं, असें त्यानें सांगितलें होतें. परंतु मला तें अति वाटलें. दोन चाकें घेतलीं आणि उजवीकडचीं दोन सोडून दिलीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत शेवटचा ताळा न करणाऱ्या मुलांचे गुण मीं आयुष्यभर कापलेले. येथें मात्र माझा ताळा मींच राहूं दिला.

गाडी सुरू झाली तेव्हां ती सुरू झाल्याचें आम्हांला कळलें नाहीं, इतकी ती निःशब्द. आमची मंडळी मागें बसली होती, ती दोनदां म्हणाली, "अरे, सुरू कर ना!" तोंपर्यंत गाडी आळीच्या टोंकास पोंचली होती.

आमचा मुक्काम सुमारे १२० मैलांवरील ग्रोव्हलंड या डोंगरांतील खेड्यांत, आणि तेथून पुढें आणखी पन्नास मैलांवर योसेमिटी नांवाचें प्रसिद्ध खोरें. वाटेंत आल्टमाँट नांवाची खिंड लागते. तेथील बोडक्या टेंकड्यांवर पवनचक्क्या फिरतांना पाहून मला साताऱ्याजवळचें वनकुसवड्याचें पठार आठवलें. नातीला मीं म्हटलें, "बघ, आपली गाडी ज्या विजेवर चालली आहे, तिच्यांत या वाऱ्याचाहि थोडा वांटा असेल." ती म्हणाली, "मग आजोबा, वारा थांबला तर आपण थांबणार का?" प्रश्न मार्मिक होता. बॅटरी म्हणजे वारा थांबला तरी पुरणारी कोठी, असें मीं तिला सांगितलें.

या कोठीचें माप समजून घेण्यासारखें आहे. आपल्या घरच्या विजेच्या बिलांत जो 'युनिट' येतो, त्याच मापानें त्या गाडीच्या बॅटरींत सुमारे ६५ युनिट वीज मावते. कंपनीनें जाहीर केल्याप्रमाणें त्यांत २५९ मैल, म्हणजे सुमारे ४१७ किलोमीटर जातां येतें. याचा अर्थ एका युनिटला चार मैल. परंतु हा हिशेब सपाटीचा व मध्यम वेगाचा. वेग वाढविला कीं हवेचा अडथळा वाढतो, थंडींत आंत ऊब लावली कीं वीज खर्चते, आणि चढ लागला कीं काय होतें, तें मीं कागदावर मांडून पाहिलें.

गाडीचें वजन सुमारे १,६०० किलो. आम्ही पांच जण व सामान मिळून तीनशें धरूं; एकूण १,९०० किलो. फ्रीमाँट जवळजवळ समुद्रसपाटीवर, आणि योसेमिटीच्या वाटेवरील क्रेन फ्लॅट हें ठिकाण ६,२०० फूट, म्हणजे सुमारे १,८९० मीटर उंच. वजनास ९.८ नें व नंतर उंचीनें गुणिलें म्हणजे साडेतीन कोटि ज्यूल होतात. आणि एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. भागाकार केला तर पावणेदहा युनिट येतात. म्हणजे नुसता चढ चढण्यास कोठीचा जवळजवळ सातवा हिस्सा लागतो. अंतराचा खर्च निराळा. तथापि पेट्रोलच्या गाडीचा चढावर झालेला खर्च उतारावर परत येत नाहीं. या गाडीचा येतो. उतारावर तिची मोटरच जनित्र बनते, गाडीचा वेग आवरते आणि वीज पुन्हां बॅटरींत भरते. सर्व परत येत नाहीं, परंतु बरीच येते. परतीच्या वाटेवर प्रीस्ट ग्रेड नांवाचा अवघड उतार आहे. त्याच्या माथ्यावर असतांना पडद्यावर जितके मैल शिल्लक दिसत होते, त्याहून अधिक मैल पायथ्याशीं दिसले. आमची मंडळी म्हणाली, "खर्च करून शिल्लक वाढलेली मीं पहिल्यांदांच पाहतें."

वीज भरण्याच्या तीन तऱ्हा आम्हांला पाहावयास मिळाल्या. जातांना मँटीका गांवीं शीघ्र भरणाच्या यंत्रावर अर्ध्या तासांत वीसएक युनिट भरले. ग्रोव्हलंडच्या बिऱ्हाडाच्या मालकिणीनें भिंतींतला साधा प्लग वापरूं दिला. तेथें बारा तासांत चौदाएक युनिट आले. अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. त्यामुळें आपल्याकडे पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवरहि तासाला तीनएक युनिट मिळूं शकतात, हा आपल्याकडील एक लाभ. तिसरी मधली तऱ्हा, कांहीं गाडीतळांवर बसविलेल्या यंत्रांची. आणि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी: शीघ्र भरण शेंकडा ऐंशींपर्यंतच शीघ्र असतें. एस्. टी. गाडींत पहिले प्रवासी झटपट बसतात, शेवटच्या चार जणांना जागा शोधीत हिंडावें लागतें. तशीच बॅटरी भरत आली कीं वीज सावकाश शिरते. म्हणून वाटेंत ऐंशीला थांबून पुढें निघणें हेंच शहाणपणाचें.

योसेमिटीचें वर्णन मी करीत बसत नाहीं. एल् कॅपिटन नांवाचा एकच एक ग्रॅनाइटचा कडा खोऱ्याच्या तळापासून सुमारे तीन हजार फूट सरळ उभा आहे. त्याच्यापुढें माणूस बराच वेळ बोलत नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. तेथील प्रसिद्ध धबधबा ऑक्टोबरांत जवळजवळ कोरडा होता.

आतां मी मूळ गोष्टीवर येतों.

रविवारीं सायंकाळीं आम्ही फ्रीमाँटला परतलों, तेव्हां कोठींत थोडीच वीज उरली होती. आणि अटीप्रमाणें शेंकडा ८० भरून द्यावयाची होती. एका बाजाराच्या गाडीतळावर चार यंत्रें होतीं. त्यांपैकीं एक बंद, दोन व्यापलेलीं, आणि चौथ्यापुढें एक गाडी वाट पाहत उभी. अर्धा तास तेथेंच गेला. मुलानें मालकांना निरोप पाठविला कीं, आम्हांस उशीर होईल. त्यांचें 'सावकाश या' असें उत्तर आलें. शेवटीं जागा मिळाली, परंतु यंत्राची तार आंखूड. गाडी अगदीं पुढें, फरसबंदीच्या कांठाला भिडवून उभी करणें भाग होतें. अंधार पडूं लागला होता. मी उतरलों, आणि आपल्याकडे मालमोटार लावतांना क्लीनर जसा हात हालवितो तसा हात हालवीत, "येऊं दे, येऊं दे," असें म्हणूं लागलों.

मीं एक 'येऊं दे' अधिक म्हटलें. उजवें पुढचें चाक कांठाला घासून गेलें. आवाज फार मोठा नव्हता. आंतल्या मंडळींनीं तो ऐकला नाहीं. मुलानें काच खालीं करून विचारलें, "अण्णा, कांहीं लागलें का?"

मीं म्हटलें, "नाहीं. कांहीं नाहीं."

श्रोतेहो, हे दोन शब्द बोलावयास मला कसलाहि विचार करावा लागला नाहीं. मागाहून मीं वांकून पाहिलें. चाकाच्या धातूच्या कडेवर वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा होता, आणि कड एके ठिकाणीं खांचली होती. सव्वा तास गाडींत वीज भरत होती. तो सव्वा तास मी त्या चाकाच्या बाजूला उभा राहिलों. मनाशीं हिशेब चालला होता. उजवीकडच्या चाकांचें आरंभीचें छायाचित्र नाहीं; म्हणजे ओरखडा आधींचा कीं नंतरचा, हें कोणीहि सिद्ध करूं शकणार नाहीं. विमा आहेच. मुलाच्या डोक्यावर आधींच घराचें कर्ज आहे. त्याला आणखी शंभर-दोनशें डॉलरचा भुर्दंड कशाला? इतकीं उत्तम कारणें मला एरवीं एका वेळीं सुचत नाहींत. रात्रीं साडेनवाला आम्ही गाडी परत केली. मालकांनीं अंधारांत वरवर पाहिलें, आभार मानले आणि किल्ली घेतली.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण तें चाक नव्हतें. कारण एक सायकल होती.

मी बारा वर्षांचा असेन. वाईच्या बाजारांत एक सायकलवाला होता. तासाला पंचवीस पैसे. एके दिवशीं उतारावर मी पडलों आणि पायटा वांकला. मीं सायकल आणून रांगेंत सर्वांत मागें लावली, पंचवीस पैसे ठेवले आणि पळालों. त्यानंतर तीच सायकल माझ्या वर्गांतल्या एका मुलानें नेली. वहींत शेवटचें नांव त्याचें. सायकलवाल्यानें त्याच्या वडिलांकडून एक रुपया वसूल केला. तो मुलगा दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला नाहीं. मला सर्व ठाऊक होतें. मी बोललों नाहीं. पुढें छत्तीस वर्षें मीं मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिले, आणि प्रत्येक वेळीं तो धडा आला म्हणजे पान जरा लौकर उलटलें.

अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानांत आलें कीं, या मोटारीच्या वहींतहि आमच्यामागें कोणाचें तरी नांव येणार आहे. मालक उद्यां दिवसाउजेडीं ओरखडा पाहतील किंवा आठ दिवसांनीं पाहतील. आणि तेव्हां जो कोणी शेवटचा असेल, त्याच्यावर आळ येईल.

सकाळीं सहा वाजतां मीं मुलाला उठविलें व सर्व सांगितलें. तो रागावला नाहीं. रागावला असता तर बरें वाटलें असतें. तो एवढेंच म्हणाला, "अण्णा, कंपनीचा नियम आहे, झालेलें नुकसान वेळेवर कळवावें लागतें. अजून वेळ आहे. परस्पर पैसे देऊन मिटवावयाचें नाहीं. नोंद व्हावयास हवी, नाहींतर विमा लागू होत नाहीं." त्यानें तेव्हांच नोंद केली, आणि आम्ही दोघे त्या गृहस्थांकडे गेलों. मुलाला दुभाष्या करून मीं सांगितलें कीं, हात हालविणारा मी होतों, आणि 'नाहीं' म्हणणाराहि मीच होतों.

ते गाडीपाशीं बसले व बोटानें ओरखडा चाचपून पाहिला. त्यांनीं दाखविलें कीं, मागच्या चाकावरचे दोन ओरखडे त्यांचे स्वतःचे, जुने आहेत. हा मात्र नवा. मग त्यांनीं जें सांगितलें तें मला अधिक लागलें. गाडी कर्जावर घेतलेली. निवृत्तिवेतनांत हप्ता बसत नाहीं, म्हणून महिन्यांतून दहा-बारा दिवस ते ती भाड्यानें देतात. आदल्या महिन्यांत एकानें बैठक सिगारेटनें जाळली आणि तो मीच नव्हे म्हणाला. त्याच्या आधींच्या गिऱ्हाइकाला विचारलें, तर तोहि नाहीं म्हणाला. दोघांपैकीं एक खरें बोलत होता. परंतु त्यांना आतां दोघांवरहि विश्वास ठेवतां येत नव्हता. ते म्हणाले, बैठक शिवून घेतली. दुसरें काय करणार?

चाकाच्या दुरुस्तीस ११० डॉलर पडले, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारे नऊ हजार रुपये. ते मुलाला देऊं न देतां मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून भागविले. गृहस्थांनीं आमच्याविषयीं कंपनीच्या पानावर चांगला अभिप्राय लिहिला. तो मुलानें मला वाचून दाखविला. मीं तो पुन्हां वाचावयास सांगितलें नाहीं.

आतां आपल्याकडील स्थिति. २०१३ सालीं बंगळूर येथें निघालेल्या झूमकारसारख्या कंपन्यांमुळें स्वतः चालविण्याच्या भाड्याच्या गाड्या व गाडीमालकांचा सहभाग, ह्या गोष्टी आपल्या शहरांनाहि परिचित झाल्या आहेत. परंतु १९८८ च्या मोटर वाहन कायद्याप्रमाणें भाड्यानें द्यावयाच्या गाडीस तशी नोंदणी व परवाना लागतो. खासगी नोंदणीची गाडी कोणासहि भाड्यानें देतां येत नाहीं. ही ओळख पाटीवरूनच पटते. विजेच्या गाडीची पाटी हिरवी. तिच्यावर अक्षरें पांढरीं असतील तर गाडी खासगी, पिंवळीं असतील तर भाड्याची. स्नेही म्हणून कोणी पांढऱ्या अक्षरांची गाडी भाड्यानें देऊं लागला, तर अपघाताच्या वेळीं विमा कंपनी कोणतें उत्तर देईल, याचा विचार आधीं करावा.

जे कोणी आपले नातेवाईक परदेशीं असतांना किंवा येथें कायदेशीर रीतीनें अशी गाडी घेतील, त्यांना माझ्या अनुभवाचे चार शब्द सांगतों. गाडीचें छायाचित्र घेतांना चारहि चाकें, काचा व आंतील बैठकी सोडूं नयेत, आणि तें दिवसाउजेडीं करावें. विजेचा आंकडा व मैलांचा आंकडा देतांना व घेतांना दोघांनीं मिळून पाहावा. वाटेंतील कोणत्या यंत्राला आपल्या गाडीची तार जुळते, हें घरूनच पाहून निघावें. सर्व गाड्यांचे प्लग एकसारखे नसतात. परत करण्याच्या वेळेपूर्वीं दोन तास वीज भरण्यास राखून ठेवावे, कारण यंत्र बंद असूं शकतें आणि घाईंतच चाक घासतें. आणि कांहीं घासलें तर तेथल्या तेथें सांगावें. सांगण्यास जितका उशीर, तितकी त्याची किंमत वाढते. आणि ती वाढ डॉलरांत मोजतां येत नाहीं.

आरंभीं मीं एक प्रश्न ठेविला होता. परवाना, छायाचित्र, विमा आणि अभिप्राय हीं सर्व मिळून ओळखीची जागा भरून काढतात का? माझें उत्तर असें कीं, बरीचशी काढतात. चोराला तीं अडवूं शकतात. परंतु माझ्यासारख्या सभ्य, सुशिक्षित, मुलाच्या खर्चाची काळजी वाहणाऱ्या माणसाला अडविण्याचें साधन त्यांच्यापाशीं नाहीं. तेथें शेवटीं मनुष्यानें स्वतःलाच उभें राहावें लागतें.

मुलानें अद्याप विजेची गाडी घेतलेली नाहीं; लागेल तेव्हां तो त्याच गृहस्थांची घेतो.

मी डिसेंबरांत वाईस परत आलों. त्या सायकलीच्या मुलाचें घर मला ठाऊक होतें. इतकीं वर्षें मी त्या बोळांतून जाणें टाळीत होतों. एका रविवारीं गेलों. तोहि आतां माझ्याच वयाचा; ओसरीवर शेंगा निवडीत बसला होता. मीं सर्व सांगितलें. मला वाटलें होतें, त्याला कांहींच आठवत नसेल आणि तो हंसून सोडून देईल. परंतु त्याला आठवत होतें. रुपया आठवत नव्हता. वडिलांचा मार आठवत होता. तो हंसला नाहीं. बराच वेळ शेंगा निवडीत राहिला. मग आंत वळून त्यानें दोन कप चहा टाकावयास सांगितलें.